मेंदूतील कुजबूज आणि यंत्राचा हिशेब

गतवर्षी श्रावणात गेवराईहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले. हे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक. अक्षर मोत्यांच्या सरीसारखे. परंतु ह्या खेपेस ओळी वरखाली झालेल्या पाहून पत्र वाचण्यापूर्वीच आमच्या मनात पाल चुकचुकली. हकीकत अशी की, त्यांच्या धाकट्या बंधूंची सून, वय अवघे सव्वीस, सकाळी ओट्यापुढे उभी असता तिचा उजवा हात एकाएकी झटके देऊ लागला व पाहता पाहता ती बेशुद्ध होऊन कोसळली. जिल्ह्याच्या ठिकाणी, व तेथून पुढे मोठ्या शहरी नेल्यावर मेंदूची चुंबकीय प्रतिमा, म्हणजे ज्यास आता घरोघर ‘एम. आर. आय.’ म्हणतात ती, काढण्यात आली. तीत डाव्या बाजूस, कवटीच्या अगदी लगत, हरभऱ्याच्या दाण्याएवढे एक कडे दिसले. ते कडे कशाचे हे प्रतिमेवरून ठरेना, म्हणून त्याच यंत्रावर ‘स्पेक्ट्रोस्कोपी’ नावाची आणखी एक तपासणी झाली, व तिचा रंगीत कागद घेऊन मंडळी घरी परतली.

त्या कागदावर मेंदूचा नकाशा, त्यावर तांबडे-निळे चौकोन, खाली आकड्यांचा तक्ता, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘हे आकडे स्वयंचलित पद्धतीने काढले आहेत’ अशी एक ओळ होती. ‘लिपिड’, म्हणजे स्निग्ध द्रव्य, ह्या शब्दासमोरचा आकडा तांबड्या रंगात छापला होता. तो पाहून कोणी म्हणाले, “ही क्षयाची गाठ.” दुसरे कोणी म्हणाले, “गाठ याहून वाईटही असू शकेल.” एवढे शब्द वाड्यात शिरावयाचा अवकाश! आजेसासूबाईंनी सुनेची ताट-वाटी वेगळी काढली; दीड वर्षाचे मूल आईजवळून उचलून थोरल्या जावेकडे निजविण्यात येऊ लागले; आणि पुरुषमंडळी शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी गोदाकाठचा जमिनीचा तुकडा विकावा काय ह्याचा खल करीत बसली. पत्राच्या शेवटी मास्तरांनी विचारले होते: “हे आकडे माणसाने काढले की यंत्राने? यंत्राने काढले असतील, तर एका घराची झोप उडविण्याइतका त्यांचा अधिकार आहे काय?”

प्रश्न एका घराचा असला तरी असे कागद आता पुष्कळ घरांत येऊ लागले आहेत. म्हणून मास्तरांच्या संमतीने, त्यांचे व गृहातील मंडळींचे नाव न सांगता, त्याचा विचार आम्ही येथे करीत आहो. आजेसासूबाईंच्या भीतीपुरते मात्र आधीच सांगून टाकतो: मेंदूतील क्षयाची गाठ ताटवाटीने दुसऱ्यास लागत नाही. क्षय पसरतो तो फुप्फुसांच्या रोग्याच्या खोकल्यातून, हवेवाटे.

मद्यार्कातील तीन शिखरे

ही तपासणी कशाच्या आधारावर उभी आहे हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. हायड्रोजनच्या अणूचा गर्भ हा एक अतिसूक्ष्म लोहचुंबकच आहे असे समजा. त्यास मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेविले आणि योग्य कंपनसंख्येच्या रेडिओ-लहरीने डिवचले, की तो आपणही त्याच कंपनसंख्येचा क्षीण सूर उमटवितो. ३ टेस्ला बळाच्या चुंबकात हा सूर सेकंदास सुमारे १२ कोटी ७७ लक्ष कंपनांचा असतो. घन व द्रव पदार्थांतून हा सूर प्रथम ऐकला तो १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल ह्या दोन शास्त्रज्ञांच्या मंडळांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले.

पुढे असे आढळले की, हायड्रोजन कोणत्या रेणूत व कोणाच्या शेजारी बसला आहे, त्याप्रमाणे त्याचा सूर किंचित चढतो किंवा उतरतो. फरक दहा लाखांत एखाद-दोन भागांचा. पण तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी जाणत्या कानास जशी कळते, तसाच हाही ओळखता येतो. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकर्ड ह्या त्रयीने साध्या मद्यार्काची परीक्षा केली, तेव्हा हायड्रोजनच्या एका सुराऐवजी तीन निरनिराळी शिखरे उमटली, आणि त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण एकास दोनास तीन असे आले. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजन तीन निरनिराळ्या जागी ह्याच प्रमाणात असतात! बाटली न उघडता, केवळ सूर ऐकून, आत कोणता पदार्थ किती आहे हे सांगण्याची विद्या येथून सुरू झाली. ह्या त्रयीतील धर्मट्टी हे भारतीय. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ह्या शास्त्राची शाखा त्यांनीच उभी केली. गेवराईच्या एका घरात जो कागद येऊन पडला, त्याच्या मूळ विद्येशी मुंबईचा संबंध असा सत्तर वर्षांहून जुना आहे.

शनिअमावास्येची गर्दी

आता बाटलीच्या जागी मेंदू आणावा. मेंदूत सर्वांत अधिक असते ते पाणी, आणि एम. आर. आय. ची नित्याची प्रतिमा प्रामुख्याने ह्या पाण्याच्याच सुरावरून रेखाटली जाते. परंतु पाण्याखेरीज मेंदूत इतर द्रव्येही विरघळलेली असतात. एन-असेटिल अस्पार्टेट नावाचे एक द्रव्य मुख्यतः चेतापेशींत सापडते. ते कमी झाले तर तेथील चेतापेशी मेल्या किंवा आजारल्या असे बहुधा समजावे. कोलीन पेशींच्या आवरणांशी निगडित असते. ज्या गाठीत पेशी भराभर वाढतात तेथे ते चढते. क्रिएटीन हे शक्तीच्या देवघेवीतील, लॅक्टेट हे प्राणवायूवाचून झालेल्या ज्वलनाचे, आणि सुटे स्निग्ध द्रव्य हे मृत पेशींच्या राडारोड्याचे चिन्ह. क्षयाच्या गाठीत हे शेवटचे शिखर उंच दिसते. कारण त्या गाठीचा गाभा मऊ चीजासारखा कुजलेला असून क्षयजंतूंचे कवचही मेणचट असते. मेंदूतील पुवाच्या गळवात काही अमिनो आम्ले व असेटेट दिसतात. ते कर्करोगाच्या गाठीत सहसा दिसत नाहीत.

ही सर्व द्रव्ये पाण्याच्या मानाने इतकी अल्प की, पाण्याचा आवाज त्यांच्याहून हजारो पटींनी मोठा असतो. गेवराई तालुक्यातील मंडळींस आम्ही एवढेच सांगतो की, शनिअमावास्येस राक्षसभुवनी गोदावरीच्या घाटावर जी गर्दी उसळते, तीत पलीकडच्या काठावरील दोन माणसांची कुजबूज ऐकून, कोण किती बोलले हे लिहून घ्यावयाचे, असे हे काम आहे. म्हणून आधी यंत्र विशेष रेडिओ-स्पंदांनी पाण्याचा आवाज दाबते. तरी थोडा उरतोच.

पंचेचाळीस हजार कुजबुजी

प्रथम प्रथम ही तपासणी मेंदूतील एकाच चौकोनी तुकड्यापुरती होत असे. १९८२ साली ब्राउन, किंकेड व उगुरबिल ह्यांनी संबंध भागाचे अनेक तुकडे पाडून प्रत्येकाचा वर्णपट एकाच वेळी मिळविण्याची युक्ती मांडली. ह्यासच वर्णपटीय प्रतिमांकन म्हणतात. समजा, मेंदूचे पन्नास उभे, पन्नास आडवे व अठरा थर पाडले. तर एकूण ४५,००० तुकडे झाले, व तितकेच वर्णपट आले. एकेक वर्णपट पारखण्यास तज्ज्ञाने दोनच मिनिटे दिली तरी पंधराशे तास लागतील. रोज आठ तास बसले तरी सहा महिन्यांहून अधिक! रोगी तोवर वाट पाहत बसू शकत नाही. यंत्राने हिशेब करणे हा येथे आळस नव्हे. त्यावाचून ही तपासणी होऊच शकत नाही.

ह्या कामी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत अँड्र्यू मॉड्स्ली ह्यांचे नाव पुढे येते. १९७७ साली इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड ह्यांच्यासह जिवंत माणसाच्या बोटाची आडवी प्रतिमा काढणारे ते हेच. पुढे अमेरिकेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संबंध मेंदूच्या वर्णपटांचा आपोआप हिशेब करणारी ‘मिडास’ नावाची संगणक-प्रणाली सिद्ध केली व २००६ साली तिचे समग्र वर्णन प्रसिद्ध केले. हिशेबासाठी प्रत्येक द्रव्याचा शुद्ध सूर आधी ठाऊक असावा लागतो. अशा सुरांचा जो तक्ता पुढे जगभर वापरला गेला, तो २००० साली गोविंदराजू, यंग व मॉड्स्ली ह्यांनी छापला.

हिशेबाची रीत स्थूलमानाने अशी. यंत्राकडे प्रथम येते ती सर्व सुरांची खिचडी. फूर्ये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने ती निवडून सूर वेगळे करतात. चुंबकाचे क्षेत्र जेथे थोडे वाकडे असेल तेथील सूर सरकलेले असतात. ते जागी आणतात. उरलेले पाणी वजा करतात. कवटीबाहेरील चरबीचा आवाज होईल तितका पुसतात. मग नित्याच्या प्रतिमेवरून प्रत्येक तुकड्यात करडा भाग किती, पांढरा भाग किती, व पोकळीतील पाणी किती हे ठरवितात. शेवटी शुद्ध सुरांची निरनिराळ्या प्रमाणांत बेरीज करीत करीत, मिळालेल्या वक्राशी जी बेरीज उत्तम जुळेल तिचे आकडे खरे धरतात. अनोळखी मसाला चाखून घरातील जाणती बाई धने किती, लवंग किती हे अजमावते, तीच ही रीत. फरक इतकाच की, यंत्र अशी चव पंचेचाळीस हजार वेळा घेते.

शेजारच्या घरचे तळण

येथवर सर्व ठीक. अडचण येते ती पुढे. जुळणी करणाऱ्या गणिताचा स्वभाव असा आहे की, त्यापुढे काहीही ठेविले तरी ते आकडा देते. वक्र स्वच्छ असो की नुसता खरखराट असो, तक्त्यातील रकाना रिकामा राहत नाही. आणि छापलेल्या आकड्यांत खरा कोणता व पोकळ कोणता हे केवळ पाहून कळत नाही.

बिघाडाची कारणे ठराविक आहेत. नाकाच्या व कानाच्या पोकळीतील हवेमुळे लगतच्या मेंदूत चुंबकक्षेत्र वाकते, शिखरे पसरतात व एकमेकांत मिसळतात. रोगी हलला तर सगळाच मजकूर फिसकटतो. गाठ लहान व तुकडा मोठा असला तर गाठीच्या सुरात भोवतालच्या निरोगी भागाचा सूर मिसळतो. परंतु आमच्या मास्तरांच्या दृष्टीने महत्त्वाचे कारण निराळेच. कवटीच्या बाहेर, टाळूच्या कातडीखाली, चरबीचा जाड थर असतो. मेंदूतील द्रव्यांच्या मानाने तिचा आवाज फार मोठा, व तुकडे पाडण्याच्या गणितातील अपुरेपणामुळे तो आतील तुकड्यांत पाझरतो. शेजारच्या वाड्यात तळण निघाले म्हणजे त्याचा वास आपल्या माजघरात दरवळतो. तेवढ्यावरून ‘तुमच्याकडे आज पुऱ्या’ असे कोणी म्हणू लागला तर आपण हसू. परंतु तोच वास आकड्यांच्या रूपाने तांबड्या रंगात छापून आला म्हणजे आपल्या छातीत धस्स होते!

म्हणून ह्या प्रणालींची खरी परीक्षा आकडे काढण्यात नसून आकडे नाकारण्यात आहे. चांगली प्रणाली प्रत्येक आकड्याशेजारी त्याची संभाव्य चूक लिहिते, शिखरांची रुंदी मोजते, आणि जो तुकडा विश्वासास पात्र नाही तो नकाशावर कोराच ठेवते. अलीकडे तज्ज्ञांनी ‘चांगले’ व ‘टाकाऊ’ असे शेरे मारलेले हजारो वर्णपट दाखवून संगणकास टाकाऊ माल ओळखावयास शिकविण्याचेही यशस्वी प्रयत्न झाले आहेत. मोंढ्यावर कापसाची प्रतवारी करणाराने ओली बोंडे बाजूस काढली नाहीत, तर वजनकाटा कितीही बिनचूक असो, सौदा खोटाच व्हावयाचा. मात्र नाकारण्याचा नियमही आंधळेपणाने चालवून भागत नाही. चुकीचे प्रमाण शेकडा वीसाहून अधिक असेल तो आकडा टाकावा, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. आता एखाद्या गाठीत चेतापेशी खरोखरच नाहीशा झाल्या असल्या, तर तेथील एन-असेटिल अस्पार्टेटचा आकडा शून्याजवळ येतो व चुकीचे प्रमाण सहजच वाढते. असा आकडा टाकला तर रोगाची खरी खूणच टाकली जाते. तेव्हा यंत्राच्या मागे डोळस मनुष्य हवाच.

आमच्या लिहिण्यावरून ही तपासणीच निरुपयोगी आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. गळू की कर्करोग, ह्या प्रश्नात तिने दिलेली साक्ष मोलाची ठरते. नित्याच्या प्रतिमेत जेथे कर्करोगाची कड संपल्यासारखी भासते, तिच्याही पलीकडे रोग पसरलेला असल्याचे कोलीनच्या नकाशावरून कळू शकते. अमेरिकेत अशा नकाशांवरून किरणोपचाराची हद्द आखण्याचे प्रयोगही झाले आहेत. आपल्या देशातही हे काम थांबलेले नाही. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात वर्णपटांच्या हिशेबासाठी ‘कल्पना’ नावाची प्रणाली तयार झाली असून तिचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. एम. आर. आय. चे यंत्रच स्वदेशी बनविण्याचे काम मुंबईच्या ‘समीर’ ह्या संस्थेने हाती घेतले, आणि २०२५ साली त्याच्या चाचणीसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी तिचा करार झाला.

वाड्यात पुढे काय झाले

हे सर्व आम्ही मास्तरांस लिहिले, व सोबत एवढीच सूचना केली की, नुसता तक्ता न नेता तपासणीची मूळ तबकडी घेऊन मेंदूरोगांच्या एखाद्या अनुभवी डॉक्टरांस भेटावे. फाल्गुनात त्यांचे दुसरे पत्र आले. त्या डॉक्टरांनी तक्ता बाजूस सारला व मूळ वक्र पडद्यावर उघडले. कड्याच्या तुकड्यातील स्निग्ध द्रव्याचे शिखर त्यांनी दाखविले. नंतर तेथून कवटीच्या दिशेने एकेक तुकडा सरकत गेले, तो तेच शिखर अधिकाधिक उंच होत गेलेले मंडळींस डोळ्यांनी दिसले. “हे तळण शेजारचे,” असे त्यांनी म्हटले नाही, परंतु अर्थ तोच. ते म्हणाले, “ह्या आकड्यावरून मी क्षय आहे असेही म्हणणार नाही, नाही असेही म्हणणार नाही.” मग त्यांनी छातीची तपासणी केली, व मेंदूची पुन्हा बारीक थरांची प्रतिमा काढविली. तीत कड्याच्या आत, जरा एका बाजूस, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला. ते एका फीतकृमीच्या अळीचे डोके होते. क्षयाचे नव्हे, हे कडे त्या अळीचे.

हे ऐकून वाड्यात नवाच कल्लोळ उठला. हा कृमी डुकराच्या मांसातला. आमच्या सात पिढ्यांत कोणी त्या वस्तूस शिवले नाही, मग हे कसे? शाकाहारी कुटुंबांनी हे नीट ध्यानात घ्यावे. अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो हे खरे. परंतु त्याची अंडी त्या मनुष्याच्या मलातून बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, पाणी अथवा न धुतलेली कच्ची भाजी ह्यांच्या द्वारे कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. त्या अंड्यांतून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत जाऊन बसते. कोथिंबिरीची जुडी सोवळे-ओवळे जाणत नाही. अशी लहान एकेरी कडी भारतात पूर्वी बहुधा क्षयाचीच समजली जात; त्यांतील पुष्कळशी ह्या अळीची असतात हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८९ साली दाखवून दिले.

सुनेस झटके थांबविण्याचे व त्या जोडीचे औषध सुरू झाले, आणि सहा महिन्यांनी काढलेल्या प्रतिमेत कडे आकसून ठिपक्याएवढे उरले होते. औषध अद्याप चालू आहे, व डॉक्टर सांगतील तोपर्यंत ते बंद करावयाचे नाही अशी तंबी मास्तरांनी स्वतः दिली आहे. सर्वांचेच असे सुखरूप होईल असे नाही. दुसऱ्या एखाद्या घरी तोच तांबडा आकडा खरा ठरेल, आणि तेथे तो वेळीच मानला नाही तर अनर्थ होईल.

म्हणून असा कागद हाती आल्यास घरच्या कर्त्या माणसाने तीन गोष्टी विनयाने पण स्पष्टपणे विचाराव्या. पहिली: ज्या तुकड्याचा हा आकडा आहे त्याचा वक्र स्वच्छ आहे काय, व तो कोणी डोळ्यांनी पाहिला आहे काय? दुसरी: गाठ कवटीच्या, नाकाच्या किंवा कानाच्या लगत असेल तर बाहेरचा पाझर वगळला आहे काय? तिसरी: ह्या आकड्याची साक्ष इतर तपासण्यांच्या साक्षीशी जुळते काय? उत्तर मिळेपर्यंत जमीन विकू नये, आणि ताटवाटी तर मुळीच वेगळी काढू नये.

मास्तर लिहितात की, धाकटे मूल आता पुन्हा आईच्या कुशीत निजते, आणि आजेसासूबाई भाजी तीन पाण्यांतून धुतल्यावाचून स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. सुनेच्या वेगळ्या काढलेल्या ताटाविषयी घरात कोणी अवाक्षर काढले नाही. पाडव्याच्या दिवशी म्हातारीने आपल्या हाताने ते आपल्या पाटाशेजारी मांडले.